दम सोडा, मास्तर

का हो गोपाळ मास्तर, हे शिसं कमरेले बांधून तुमी पान्यात उतरनार, अन् मंग वरत बी येनार — असंच ना? नाई, इचारून घेतलेलं बरं. कमरेले वजन बांधून उतरलेली चार मान्सं मी या हातानं काढली, पन त्यातलं एक बी वरत याच्या बेतानं उतरलं नव्हतं. एकानं तं घरचा पाटा बांधला होता. वरवंटा तसाच चुलीपाशी. बसा, बसा, बाजेवर बसा. अन् ते सामान मांडा इथं लिंबाखाली, सारं मांडा. अमडापुरातून खदानीकाठच्या माह्या घरापर्यंत येता येता अर्ध्या गावानं पाह्यलंच असंन, मंग मीच काऊन राहू?

हे काय, बदकाचे पाय? देवानं देल्ले ते पुरले नाई वाटते. अन् हा डोळ्याले काच — खाली काय पाहासाठी? चिखल आहे मास्तर खाली. चिखल अन् धरनवाल्याईचं एक इंजिन. अन् ही टाकी — हवेची, हाव, सांगतलं तुमी. आपल्या अमडापुरात हवा भेटत नाई म्हनून मुंबईहून आनली. जहाजावरच्या मावसभावानं देल्ली, ते बी सांगतलं, दोनदा सांगतलं. अन् पुस्तक! पोराईले शाळेत बेडूक चिरून दाखवता दाखवता आता सोताच बेडूक व्हाचं मनात आलं, अन् ते बी पुस्तकातून. मी तीस वर्सं विहिरीत बुड्या मारल्या. चिखलीपासून साखरखेर्ड्यापर्यंत कोनाची घागर पडो, मोटेचं चाक पडो, कोनाची सून पडो — बलावनं यायचं शेषरावले. सहा-सहा परस पानी. परस माहीत आहे ना? एक उभा मानूस म्हन्जे एक परस, असे सहा मान्सं एकावर एक उभे करा, तेवढं. अन् माह्यं सामान काय? एक लंगोट अन् एक दम. बस.

अन् हे रबराचं — हे अंगात घालाचं? पुरं? पानी थंडं असते म्हनून? मास्तर, पौषात विहिरीचं पानी कसं असते? ऊन असते. सकाळी वाफा निघतात त्यातून, बायाईले आंघोळीले चूल पेटवा लागत नाई. अन् जितकं खाली जा, झऱ्यापाशी, तितकं ऊन. गोधडीत शिरल्यावानी. मंग हे पोतडं कायले? यात तुमी दिसान कसे माहीत आहे — भिजलेल्या म्हशीच्या पारडूवानी. हासू नोको तं काय करू?

नाई — बरोबर आहे तुमचं. ही विहीर नोहे. खदान आहे. धरनाले दगड काढला, काम सरलं, लोक गेले, मांगं हा खड्डा राह्यला अन् भरला. हिले झरा नाई. वरून पडलेलं पानी, दगडाच्या सावलीत निजून राह्यलेलं. मी पयल्यांदा उतरलो तवा वाटलं, खाली ऊन लागंन, खाली ऊन लागंन — अन् खाली तं अजून थंडं. छातीवर कोनी पाय देल्ला असं झालं. दम सुटतच नाई, घट्ट बसते आत. पन हे मी कोनाले सांगतलं नाई. कायले सांगू? तीस वर्साचं नाव होतं.

काय म्हनले? थांबा. पुन्हा सांगा. रोज सकाळी नाक दाबून बसता? दम वाढवासाठी? अन् आता दीड मिनिटावर पोचले. कोनं सांगतलं हे तुमाले? — मी? कवा? बाजारात... हाव. म्हनलो असंन. बुडीचं शिकाचं तं पयले दम धराले शिका, असं मी साऱ्याईलेच म्हनतो. म्हनत होतो.

हे पुस्तक काढा. नाई, काढा. मले वाचता येते थोडं, पन इंग्रजी नाई, तुमीच पाहा. दम धराचं लिहिलं आहे का त्यात कुठी? ... नाई ना. उलटं लिहिलं आहे. सांगतो मी काय लिहिलं आहे ते. टाकीतला दम खाली घेतला अन् तसाच धरून वरत आलं, तं तो फुगते. फुग्यावानी. अन् फुग्याले छाती पुरत नाई. — मले कसं माहीत? मले माहीत आहे ना, तेच तं.

ठेव बाई तिथं. ओट्यावरच ठेव च्या. मास्तर आहेत हायस्कुलातले, हवा पाहाले आले. जा तू.

ती रुखमाबाई. हिंमतची बायको. हिंमत माहा लहान भाऊ — ऐकलं असंन तुमी. त्या धरनवाल्या सायबाच्या पायी गेला, असंच ऐकलं असंन. साऱ्याईनं तसंच ऐकलं आहे. तीन वर्सं झाली, असाच पौष होता. त्या सायबाले ते इंजिन काढाचं होतं. तुमच्यासारखंच सामान, टाकी, रबर, सारं. बुटका मानूस, मऊ मऊ बोलनारा, पान्याले हात लावाच्या आंधी हातरुमाल काढे. मले इचारलं, मी नाई म्हनलं — मी कोनाच्या टाकीतली उष्टी हवा घेनार नाई. हिंमत तयार झाला. त्याले हौस. सायबानं त्याले तीन दिवस समजावलं, हातवारे करून, दम धराचा नाई, घेत राहाचा, सोडत राहाचा. हिंमत मान हालवे. अन् मी तिथं, त्या दगडावर बसून हासत होतो. तो रबर अंगात घालाले लागला तं मी म्हनलं, काऊन बे, बाळंतीन हाये का तू, एवढं गुंडाळून घ्याले? मान्सं हासली. त्यानं रबर काढून फेकलं. लंगोटावर उतरला.

ते बी चाललं असतं. थंडीनं मेला नसता तो.

उतराच्या आंधी माह्या पाया पडाले आला. तवा मी त्याच्या कानात सांगतलं — सायबाचं ऐकू नोको, दम सोडला का मानूस मेला, छाती भरून घे अन् दाबून ये. एवढंच. तीस वर्सं मी तेच करून जिता होतो मास्तर, खोटं नाई सांगतलं मी त्याले. पाच परसावरून तो सरळ वरत आला, छाती भरून, दाबून. जसं सांगतलं तसं. मोठ्या भावाचं ऐकलं त्यानं. पान्यावर आला अन् माह्याकडं पाह्यलं, अन् तोंडातून रगत. चिखलीच्या दवाखान्यापर्यंत बी बैलगाडी पोचली नाई.

मान्साईनं सायबाचा सदरा फाडला. टाकी फुटकी होती म्हने, हवा सरली म्हने. तो सांगत होता, रडत होता, कोन ऐकते. गेला मंग, कुठी बदली झाली का घरी बसवलं, देव जाने. अन् टाकी — मास्तर, टाकी काठावर पडली होती. कोनी पाहत नव्हतं तवा मी तिची नळी तोंडात घातली अन् एक दम घेऊन पाह्यला. आली हवा. चांगली आली. सोडली, पुन्हा घेतली, पुन्हा आली. मंग मी ती ठेवून देल्ली जशी होती तशी, अन् साऱ्याईसंगं सायबाले शिव्या देल्ल्या.

रुखमाबाई दिवा लावताना रोज त्याच्या नावानं बोटं मोडते. मी तिथंच जेवत असतो. वाढते मले, अन् त्याले शाप देते, अन् मले म्हनते, दादा, अजून भाकर घ्या. मी घेतो.

असं काय पाहून राह्यले? पुस्तकवाले तुमी, दीड मिनिट दम धरनारे! कोन्या गाढवाचं ऐकून नाक दाबून बसले, अन् वर फुशारकी. उद्या उतरनारच ना? मी नाई म्हनलं तरी पल्याडून उतरसान, वळखतो मी तुमच्यासारख्याईले. मंग ऐका. ऊन वरत आल्यावर या. ते रबर घाला. मी हासलो तरी घाला, गाव हासलं तरी घाला. दोन परसाच्या खाली जाचं नाई. दोर मी धरतो. अन् वरत येताना ओरडत या — नळी तोंडातच ठेवा अन् आऽऽ करत या, बोंबलत या, हळू, आपल्या बुडबुड्याईच्या मांगं मांगं. ओरडनाऱ्याच्या छातीत दम राहत नाई. समजलं? करून दाखवा. इथंच. ... हे कोकरू झालं, मान्सावानी ओरडा. ... सोडा दम. सोडा मास्तर, अजून धरलेलाच आहे तुमी, छाती दिसून राह्यली मले.

हाव. असं.

उचला आता हे डबडं अन् जा. च्या राहू द्या, थंडा झाला. अन् जाताना घरात काई बोलू नोका. ते माह्यं आहे, ते मी पाहीन. जा म्हनलं ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोपाळ मास्तर दोन परसांवरून ओरडत सुखरूप वर आले. दोर शेषरावांनी धरला होता, आणि रात्री त्यांच्याच तोंडून सारं ऐकलेली रुखमाबाई आपली ट्रंक घेऊन पहिल्या एस.टी.ने वडनेर भोलजीला भावाकडे निघून गेली होती.