सत्कारासाठी रजा रद्द

...आणि तो सेक्रेटरी वर तोंड करून म्हणतो काय, तर "काकू, सत्कारमूर्तीच नसेल तर सत्कार कोणाचा करायचा?" आता तुम्हीच सांगा, यावर माणसाने हसावं, रडावं, की हातातला झारा फेकून मारावा? निशाच्या हातात त्या वेळी खरंच झारा होता हो! अनारसे तळता तळता खाली आलेली बिचारी... बिचारी कसली, पेटलेली नुसती!

थांबा, नीट सांगतो. ही निशा माझी मामेबहीण, कोपरीला राहते, आणि नाथाकाका म्हणजे तिच्या सोसायटीचे वॉचमन, मुरबाडकडचे. दरवर्षी काकांची दिवाळी गेटवरच, लोकांच्या पोरांना 'गाड्यांजवळ बॉम्ब लावू नका रे' ओरडत. यंदा मात्र लेकीचं लग्न झालेलं, पहिला दिवाळसण, पाडव्याला जावई घरी जेवायला येणार. काकांनी गणपतीतच रजा मागून ठेवलेली. मिळालेली! लेकीला कळवलेलं! आणि ऐन धनत्रयोदशीला सेक्रेटरी सलिलला समाजसेवा सुचली. समाजाने आपल्याला एवढं दिलं, आपण समाजाला काय दिलं, वगैरे वगैरे... मग काय! पाडव्याला मांडव, माईक, शाल, श्रीफळ आणि वॉचमनचा जाहीर सत्कार. आणि सत्कार करायचाय म्हणून वॉचमनची रजा रद्द! एजन्सीचा बदली माणूससुद्धा फोन करून 'नको' सांगितला!

अरे, द्यायचंय ना? मग त्याला काय हवंय ते द्या की!

निशाने हेच विचारलं. तर सलिल म्हणतो, "काकू, भावना बघा ना. प्रमुख पाहुणे म्हणून भाऊ येतायत." भाऊ म्हणजे कोण, तर येत्या निवडणुकीला उभं राहायचंय म्हणणारे एक गृहस्थ, ज्यांचे फोटो आत्ताच इतके लागलेत की कोपरीत सिग्नल दिसत नाही! "आणि काका, तुम्ही इस्त्रीचा युनिफॉर्म घाला हं." नाथाकाका काय बोलणार? "जाऊ द्या ताई, साहेब एवढा मान देत्यात, नाय कसं म्हनायचं?" म्हणाले, आणि वळून गेट लावायला लागले. गेट लावलेलंच होतं हो!

पाडव्याच्या सकाळी ती खाली उतरली. हातात डबा. "काका, हे अनारसे जावयाला. निघा." "अन् गेट?" "गेटला मी बसते." "ताई, नोकरी जाईल..." "सांगा, निशाताईने हाकललं!" अक्षरशः स्टेशनच्या रिक्षात कोंबलं त्यांना, पुढे कल्याणहून मुरबाडची एसटी पकडायला. आणि बसली खुर्चीत. नवरा, रवींद्र, गॅलरीतून ओरडतोय, "अगं, पाडवा आहे! ओवाळणार कधी?" "खाली या, इथेच ओवाळते!" आणि ओवाळलं, गेटवर, कुरिअरवाल्याच्या साक्षीने!

आता गंमत ऐका. भाऊंची गाडी आली. पांढरीशुभ्र, मागे आणखी दोन. निशाने हात आडवा धरला. "कोणाकडे जायचंय?"

"अहो, मी पाहुणा!"

"कोणाचे?"

"सगळ्यांचा!"

"सगळ्यांचे चालत नाहीत. फ्लॅट नंबर सांगा."

तिकडे माईकवरून सलिलचा गळा भरून आलेला, "...ज्यांनी आपल्यासाठी ऊन-पाऊस पाहिला नाही, असे आपले लाडके नाथाजी..." टाळ्या. नाथाजी नाहीत. पुन्हा टाळ्या. तरी नाहीत! सलिल धापा टाकत गेटवर. "काका कुठेत?"

"घरी. जावयाला वाढतायत."

"मग सत्काराचं काय?"

"झाला की! मी सकाळीच करून पाठवलं. तुला द्यायचं होतं ना? मग त्यांना हवं होतं ते दिलं!"

आता वाटलं, यांना लाज वाटेल. कसली लाज! भाऊ पडले मुरलेले. गाडीतून उतरले, निशाला हात जोडले, सरळ मांडवात घेऊन गेले आणि माईकवर म्हणाले, "कष्टकऱ्याला सुट्टी देऊन स्वतः गेटवर बसणारी अशी ताई प्रत्येक सोसायटीत पाहिजे!" आणि शाल तिच्याच खांद्यावर! फटाफट फोटो! निशा ओरडतेय, "अहो, रजा यांनीच रद्द केलेली..." पण माईक कोणी देईल तर शपथ! सलिल तर डोळे पुसत होता. फराळाला म्हणून गेलेलो मी, स्वतःच्याच कार्यक्रमाने गहिवरलेला माणूस पहिल्यांदा पाहिला!

संध्याकाळी काकांचा फोन. "ताई, जावई लय खूश. अनारसे चाटूनपुसून संपवले. लेक सारखी म्हनते, बाबा घरात बसलेले पैल्यांदा बघते..." निशा म्हणाली, "पुढच्या खेपेला मोठा डबा देते!"

पण तुम्हाला सांगतो, ही माणसं सुखासुखी सोडतात होय? पुढच्या मीटिंगमध्ये ठराव. एकमताने! सणासुदीला नाथाकाकांना हक्काची सुट्टी, आणि 'सोसायटीची आदर्श परंपरा' म्हणून त्या दिवशी गेटवर निशाताई. बदली माणूस कायमचा बंद! ती चिडली, भांडली, टेबलावर हात आपटला. सलिल शांतपणे म्हणाला, "काकू, तुम्ही नको म्हणालात तर काकांची सुट्टी जाईल."

बोला आता!

परवा नाताळला गेलेलो तिच्याकडे. लेकरांनी टोप्या घातलेल्या, वर केकबिक कापणं चाललेलं, आणि ही खाली खुर्चीत, कानाला मफलर गुंडाळून. रवींद्रने गॅलरीतून हाक मारली, "निशा, जेवायला वर येतेस ना?"

तर म्हणते, "गेट कोण बघणार? डबा घेऊन या खाली... आणि येताना जिन्यातला लाइट बंद करा, सगळ्यांना सांगून थकले मी!"