साबुदाण्याने निवडलेलं इंजिन

यार, माझं रिमोटचं विमान पुशर आहे, म्हणजे पंखा आणि इंजिन दोन्ही मागे, शेपटीकडे. मी जोशात सगळ्यात दमदार पेट्रोल इंजिन मागवायला निघालो होतो. बायकोने विचारलं, "वजन किती?"

"दीड किलो."

तिने तेवढ्या साबुदाण्याची पिशवी इंजिनाच्या जागी बांधली. "आता उचल."

पंखांखाली बोटं लावून उचललं, तर विमान धपकन शेपटीवर बसलं.

मग साबुदाणा कमी करत गेलो. अर्ध्यावर विमान बोटांवर सरळ राहिलं. तेवढ्याच वजनाचं छोटं इंजिन मागवलं, आणि नोएडाच्या पुढच्या मैदानात ते काय सुरेख उडालं!

घरी येऊन म्हटलं, "थँक्यू."

"मला कसलं थँक्यू? उद्या एकादशी, तोच साबुदाणा भिजवलाय."

मी जन्मात कधी उपास केला नव्हता. तो मात्र मनापासून केला.