पाल बघते आहे

मास्तर – हळू टाक ना फासा. बाळ उठेल.

वहिनी – म्हणून तर खाली दुपटं अंथरलंय. वीस बाजूंचा फासा, आणि आवाज शून्य. शोध माझा. टाक तुमच्या त्या खेळाच्या ग्रुपवर. आठवडाभर भांडाल, दुपट्यावर पडलेला आकडा धरायचा की नाही म्हणून.

वकील – मुद्दा गंभीर आहे, वहिनी. मऊ जागी फासा नीट लोळत नाही.

वहिनी – तुम्ही दातांचे डॉक्टर आहात की फाशांचे?

वकील – सोमवार ते शनिवार दातांचा. रविवारी या टेबलावर गोष्ट सांगणारे हे मास्तर, आपापलं पात्र खेळवणारे आपण, आणि मला वकील म्हणतात, ते उगाच नाही. नियमपुस्तक तोंडपाठ आहे.

वहिनी – ठाऊक आहे. मागे एका राक्षसाला तुम्ही नुसते नियम ऐकवून मारलं होतंत. बिचारा सुटला.

मास्तर – ऐका जरा. बाकीचे दोघं यायच्या आत बोलायचं होतं. तुझ्या पात्राबद्दल.

वहिनी – पालीबद्दल? बोल की. माझी भिंतीवर चढणारी, कुलुपं उघडणारी, गुणाची पाल! कशी आहे ती? बाळ महिन्याचं होतं तेव्हापासून भेट नाही आमची.

मास्तर – बरी आहे. म्हणजे... घोडे सांभाळते.

वहिनी – काय सांभाळते?

मास्तर – अगं, तू खेळायला येत नव्हतीस. बाकीच्या पात्रांची टोळी गुहेत शिरते, किल्ल्यात शिरते, बाहेर घोड्यांपाशी कुणीतरी हवंच. मग मी तिला एनपीसी केलं.

वहिनी – वा! ज्याला खेळवणारं माणूस नाही असं पात्र. मास्तरांच्या हातातलं बाहुलं. पहारेकरी, सराईचा मालक, रस्त्यातला भिकारी आणि मी. आत मी बाळ सांभाळतेय, बाहेर माझी पाल घोडे सांभाळतेय. निदान तिला तरी काही वेगळं द्यायचंस.

वकील – टोळीने मतदान घेतलं होतं, वहिनी. मी विरोधात होतो. नोंद असावी.

मास्तर – मुद्दा तो नाही. पुढच्या रविवारी माझ्या ऑफिसातला एक जण येतोय खेळायला. इतकी पात्रं मला झेपत नाहीत. तेव्हा आज पुलावर... पालीसाठी मी फार सुंदर मरण तयार केलंय.

वहिनी – अगं बाई! माझ्यासाठी? इतका त्रास कशाला घेतलास?

मास्तर – चेष्टा नको. पूल कोसळतो, ती एकटी दोर धरून ठेवते, सगळे पार होतात. आणि मग ती... सगळे रडतील, बघच.

वहिनी – आणि फासा? मला टाकायला मिळणार, की तोही तुझ्या त्या आकडे लपवायच्या पुठ्ठ्याच्या पडद्याआडच पडणार?

मास्तर – काही गोष्टी कथेसाठी आधी ठरवाव्या लागतात.

वहिनी – अस्सं. वकीलसाहेब, ग्रुपवर ते लांबलचक निबंध कोण हो लिहितं? ‘मास्तराने गोष्ट रुळांवरून हाकू नये. खेळाडू वळेल तिकडे गोष्ट वळली पाहिजे.’

वकील – हेच लिहितात. ‘रेलरोडिंग हा गुन्हा आहे’, हे यांचंच वाक्य. पुढे तीन उद्गारचिन्हं होती.

मास्तर – ते खेळाडूंबद्दल आहे. तू आता खेळाडू...

वहिनी – कर ना वाक्य पुरं.

मास्तर – तसं नव्हतं म्हणायचं मला.

वहिनी – सकाळी न सांगता भांडी घासलीस, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. हे बघ, मी परत येणारच होते. दर रविवारी वाटायचं, आज हे झोपलं की जाऊन बसू. तुमचं हसणं आत ऐकू यायचं. मी कुणाची बायको नाही, कुणाची आई नाही, नुसती एक चोरटी आहे, असं या घरात एवढ्या एका टेबलावर होतं. तिला पुलावरून ढकलून माझी खुर्ची त्या ऑफिसवाल्याला देऊ नकोस.

मास्तर – मला कळतंय गं. पण घोडे सांभाळणारी एकदम गोष्टीच्या मध्यात आणायची कशी?

वकील – हरकत!

मास्तर – आलं, नियमपुस्तक आलं.

वकील – ती घोडे सांभाळतच नाहीये. या टेबलाचा दंडक काय? खेळाडू बोलला, ते पात्राने केलं. ऐन लढाईत मी एकदा ‘जरा चहा द्या’ म्हणालो, तर तुम्ही माझ्या सरदाराला शत्रूच्या सेनापतीकडे चहा मागायला लावलंत.

वहिनी – सेनापतीने दिलाही होता.

वकील – बिनसाखरेचा. तर, वहिनी शेवटच्या वेळी खेळल्या तेव्हा टोळी किल्ल्याच्या तटावर होती. मास्तरांनी विचारलं, ‘पाल काय करते?’ तेवढ्यात आत बाळ रडलं. वहिनी उठता उठता काय म्हणाल्या?

मास्तर – काय म्हणाली?

वकील – ‘मी बघते.’

वहिनी – अहो, ते बाळाकडे बघते म्हणून...

वकील – मध्ये बोलू नका, तुमचीच बाजू मांडतोय. त्यावर मास्तर आपल्या त्या गुहेतल्या आवाजात म्हणाले, ‘पाल तटावर उभी राहून बघते आहे!’ आम्ही सगळे हसलो. आठवतंय?

मास्तर – हो. म्हणालो होतो खरा.

वकील – नियम असा, की पहारा खेळाडू मागे घेईपर्यंत चालू राहतो. वहिनींनी तो मागे घेतलेला नाही. घोड्यांपाशी जी कोण आहे ती असो बापडी. पाल अजून तटावर आहे. बघते आहे.

वहिनी – बाळाला दात यायला लागले तरी?

वकील – तरीही. आणि त्याच रात्री किल्ल्याचा दरवाजा कुणीतरी आतून उघडला. फितूर कोण, हे टोळी तेव्हापासून शोधतेय. मास्तर, तटावरून दरवाजा दिसतो?

मास्तर – नकाशात... दिसतो.

वहिनी – म्हणजे तुम्ही तलवारी परजत गावभर हिंडलात, आणि जिने पाहिलं तिला विचारायचं कुणालाच सुचलं नाही. छान. अगदी घरच्यासारखं वाटलं.

मास्तर – पण अंधार होता. चेहरा ओळखायचा तर पंधराच्या वर पडायला हवेत.

वहिनी – टाकते. तुझा पडदा बाजूला कर आधी.

वकील – दुपट्यावरच टाकणार?

वहिनी – दुपट्यावर. हरकत?

वकील – नाही. दुपट्याबद्दल पुस्तक गप्प आहे.

वहिनी – हा घ्या... सतरा!

वकील – सतराच. मी साक्षीदार.

मास्तर – बरं. सतरा. पाल तटावरून खाली वाकते. दरवाजापाशी एक मशाल हलते, आणि त्या उजेडात तिला दिसतो...

(आतल्या खोलीतून बाळाचं रडणं.)

वहिनी – झालं. मी ब...

वकील – जपून, वहिनी. बोललं ते घडलं.

मास्तर – तू बस. तुझी पाळी चालू आहे. मी बघतो. ओलं केलं असेल ना? आपली कोरडी दुपटी कुठे असतात?

वहिनी – ‘आपली’ म्हणे. बाकीची दोरीवर आहेत. कोरडं हे एकच, फाशाखालचं. थांब, काढून देते.

मास्तर – नको, नको. फासा हलेल. माझा टॉवेल घेतो.

वकील – नोंद असावी, मास्तर टेबल सोडून गेले. फितूर कळायला आता वेळ लागणार. तोवर पाल काय करते, वहिनी?

वहिनी – पाल ना? जरा बसते.