पॅच काढायचा रविवार

मार्लिस : परत वाच. सावकाश. स्क्रीनवर आहे तेच वाच, तुझ्या मनातलं नको.

लायल : ‘सॉफ्टवेअर दुरुस्तीचा पॅच मागे घेता येत नाही. मूळ फाइली सापडल्या नाहीत.’ तिसऱ्यांदा तेच आलंय, मार्लिस.

मार्लिस : सापडल्या नाहीत म्हणजे? फाइलींना काय पाय फुटले?

लायल : कंपनीच्या मदत केंद्राला पुन्हा फोन लावू का?

मार्लिस : नाव काढू नकोस. पाऊण तास घालवलाय मी त्या माणसावर. ‘मॅडम, सर्व्हर बंद करून चालू करून पाहिलात का?’ अरे बाबा, सव्वीस वर्षं डेटाबेस सांभाळतेय मी! पॅच तुमचा, वाटोळं आमचं, आणि वर अक्कलही तुम्हीच शिकवा.

लायल : त्यांनी लॉग, सर्व्हरच्या नोंदी, पाठवायला सांगितले होते.

मार्लिस : तीनदा पाठवले. तीनदा पोचपावती आली. ‘आपला प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो.’ वाटू दे. किती वाजले?

लायल : दहा चाळीस. फार्मसीतून मघाशी पुन्हा फोन आला होता. बाराला दुपारची औषधं द्यायला सुरुवात होते, तोवरच सर्व्हर बंद ठेवायची परवानगी आहे. नाही जमलं तर मग पुढच्या रविवारी.

मार्लिस : म्हणजे अजून एक आठवडा नर्सनी कागदावर लिहायचं. कॉम्प्युटरवर एका रोग्याचं औषधांचं कार्ड उघडायला चार मिनिटं! मागच्या रविवारी पॅच लावायच्या आधी दोन सेकंद लागायचे. शुक्रवारी चौथ्या मजल्यावर काय झालं, कळलं ना तुला?

लायल : रक्त पातळ करायची गोळी.

मार्लिस : दोनदा देणार होते. एका कागदावर टिकमार्क होती, दुसऱ्यावर नव्हती. ती नर्स पोरगी हुशार म्हणून थांबली. दर वेळी थांबेल का? तो पॅच आज निघालाच पाहिजे. तू स्क्रीन सोडून खाली काय बघतोयस?

लायल : काही नाही. विचार करतोय.

मार्लिस : ओठ खातोयस. लायल, जुन्या फाइली ठेवतात तो फोल्डर उघड.

लायल : तो रिकामा आहे.

मार्लिस : उघडून बघितलास?

लायल : नाही. मला माहीत आहे. मीच रिकामा केला. गुरुवारी डिस्क भरली होती, शहाण्णव टक्के. लाल दिवा लागला होता. त्या फोल्डरनं निम्मी जागा खाल्ली होती. मला वाटलं, पॅच लागला, काम झालं, आता हे जुनं कशाला.

मार्लिस : अरे देवा. अरे, पॅच लावताना जे जुनं निघतं ते तिथे ठेवतात, पुढेमागे परत बसवता यावं म्हणून! हिवाळ्याचे टायर चढवलेस आणि उन्हाळ्याचे भंगारात देऊन आलास?

लायल : सॉरी. खरंच सॉरी, मार्लिस.

मार्लिस : तुझं सॉरी घेऊन मी काय करू? थांब. हिबिंग गावातला आपला राखीव सर्व्हर. त्यालाही त्याच दिवशी हाच पॅच लावला होता. तिथे हाच फोल्डर असणार, जसाच्या तसा. तिथून उचलू.

लायल : तिथलाही साफ केला.

मार्लिस : का? तिथे तर लाल दिवा नव्हता ना?

लायल : म्हटलं, करतोच आहोत तर दोन्हीकडे सारखं असावं.

मार्लिस : सारखं असावं! मी अकरा महिने आपल्या साहेबिणीला, डोरीनला सांगतेय, पोरगा किती टापटिपीचा आहे, याला कायम कर म्हणून. हे ऐकवायचं राहिलं होतं.

लायल : परवा मंगळवारी माझ्या कागदांवर सही होणार होती. आता नाही होणार. घरी ब्रिटाला काय सांगू? मार्चमध्ये बाळ येतंय. कायम झालो की आरोग्य विमा चालू होतो, नाहीतर ते हॉस्पिटलचं बिल… आपल्याच हॉस्पिटलचं.

मार्लिस : रडगाणं नंतर. आधी मला सांग, हे करण्यापूर्वी मला का नाही विचारलंस? मी काय चावते?

लायल : विचारलं होतं.

मार्लिस : कधी?

लायल : गुरुवारी, साडेचारला. तुम्ही कोट घालत होतात. बर्फावरच्या कर्लिंगची मॅच होती तुमची.

मार्लिस : मग मी काय म्हणाले?

लायल : राहू द्या.

मार्लिस : लायल, मी काय म्हणाले?

लायल : ‘जुनं असेल ते सगळं उडव, आणि मला जाऊ दे.’

मार्लिस : असं म्हणाले मी?

लायल : हो. हातमोजे शोधत होतात. तुमचं लक्ष नव्हतं.

मार्लिस : आणि सकाळपासून मी तुझ्या नावानं शंख करतेय, तरी तोंडातून हे निघालं नाही तुझ्या!

लायल : तुमच्यावर ढकलल्यासारखं झालं असतं.

मार्लिस : ढकलायचं होतंस. आणि ती मॅचही हरलो आम्ही. बरं, अजून कुठे झाडू मारलास? खरं सांग.

लायल : या दोन ठिकाणीच. तळघरातल्या सरावाच्या सर्व्हरवर मला जायची परवानगी नाही. त्याचा पासवर्ड तुम्ही कुणालाच देत नाही.

मार्लिस : सरावाचा सर्व्हर! अरे, त्याच्यावर तर हा पॅच सगळ्यात आधी लावून पाहिला होता मी. तिथे असणार तो फोल्डर. तिकडे कुणी ढुंकून बघत नाही, म्हणून असणार. सरक बाजूला, कीबोर्ड दे.

लायल : फोल्डर मोठा आहे. तळघरातून इथे यायला वेळ लागेल.

मार्लिस : लागू दे. तू प्रार्थना येत असेल तर म्हण, नाहीतर कॉफी आण.

(एका तासानं. टेबलावरचा फोन स्पीकरवर आहे. पलीकडे दोघांची साहेबीण, डोरीन.)

डोरीन : तर निघाला का पॅच?

मार्लिस : निघाला. बारा मिनिटांपूर्वी. कार्ड दोन सेकंदांत उघडतंय. फार्मसीवाल्यांनी स्वतः उघडून पाहिलं.

डोरीन : देव पावला. आता मला अहवाल पाठवायचाय. पॅच काढायला सकाळचे तीन तास का लागले, ते वरचे विचारणार. फोल्डर कुणी उडवला?

लायल : मी, मॅडम. माझंच नाव लिहा.

डोरीन : हं. कंत्राटी माणूस. तसं ते सोपंही पडेल. ‘कंत्राटी कर्मचाऱ्याच्या हातून चूक झाली’ म्हटलं की वरचे पुढे काही विचारत नाहीत. वाईट वाटतं रे, लायल. मंगळवारचं मग आपण जरा पुढे ढकलू.

मार्लिस : किती पुढे? बाळ शाळेत जाईपर्यंत?

डोरीन : मार्लिस, प्लीज.

मार्लिस : प्लीज तू. उडव असं मी म्हटलं होतं. कोट घालता घालता, काय उडवतोय ते न बघता. माझं नाव लिही.

डोरीन : जूनमध्ये निवृत्त होतेयस. कशाला डाग लावून घेतेस?

मार्लिस : सव्वीस वर्षांत एकदा तरी माझं नाव वरपर्यंत जाऊ दे. आणि नावंच लिहायची तर सगळी लिही. या पॅचच्या परवानगीचा फॉर्म आहे तुझ्यासमोर?

डोरीन : आहे.

मार्लिस : दुसरं पान. ‘पॅच मागे घेण्याची रीत तपासून पाहिली आहे का?’ पुढे काय आहे?

डोरीन : ‘होय.’

मार्लिस : कुणी पाहिली? कुणीच नाही. मी दर तीन महिन्यांनी मागचा फॉर्म उघडते, तारीख बदलते आणि तुला पाठवते. खाली वाच.

डोरीन : ‘अडचण आल्यास ऑर्विल लिंडगेनला घरी फोन करावा.’

मार्लिस : आपल्या खात्यातल्या ऑर्विलला जाऊन दोन वर्षं झाली, डोरीन. त्याच्या दफनाला आपण दोघी एका गाडीतून गेलो होतो. त्यानंतर हा फॉर्म मी आठ वेळा पाठवला आणि आठ वेळा खाली सही तुझी आहे.

डोरीन : थांब, मागचे फॉर्म काढते.

लायल : मॅडम? सापडले का?

डोरीन : सापडले, आठही. मी हे पान कधी वाचलंच नाही.

मार्लिस : मीही नाही. आज सकाळी वाचलं, तेव्हा लाज वाटली. या खोलीत त्या फोल्डरबद्दल आधी विचारणारा एकच माणूस होता, आणि त्यालाच आपण घरी बसवायला निघालोय.

डोरीन : लायल, तू सरळ विचारलं होतंस तिला?

लायल : विचारलं होतं, मॅडम. पण दोनदा विचारायला हवं होतं.

डोरीन : ठीक आहे. अहवालात लिहिते, जुनाच फॉर्म तारीख बदलून पुढे पाठवला जात होता. मार्लिस, तुझं नाव आणि माझंही. मला ओरडा बसणार, बसू दे. आणि हा फॉर्म आज नव्यानं लिहून दे. फोन करायचा तर कुणाला, तिथे कुणाचं नाव घालायचं?

मार्लिस : लायलचं. पण तिथे फक्त कायम माणसाचं नाव चालतं. नियम तुझाच आहे.

डोरीन : लबाड आहेस तू, मार्लिस.

मार्लिस : थकलेय. दोन्ही सारखंच दिसतं.

डोरीन : लायल, मंगळवारी नऊला माझ्या खोलीत. पेन मी देईन. ठेवते.

लायल : ठेवला त्यांनी. मार्लिस, त्या ‘हो’ म्हणाल्या का?

मार्लिस : यापेक्षा जास्त ‘हो’ त्या बाईला म्हणता येत नाही. जा घरी. ब्रिटाला सांग.

लायल : काय सांगू?

मार्लिस : यापुढे रविवारी ताटावर बसलास की फोन वाजणार म्हणून.

लायल : रडेल ती हे ऐकून.

मार्लिस : रडू दे. जाण्याआधी चौथ्या मजल्यावरच्या त्या रोग्याचं कार्ड मला पुन्हा एकदा उघडून दाखव.