झोपलेल्या लॅपटॉपचं कार्ड

हॅलो?… हो, ज्योत्स्नाच बोलतेय. बोल मावशी… नाही गं, कॉम्प्युटर क्लास आत्ताच सुटला, निवांत आहे. तू जेवलीस?… अजून नाही? दीड वाजला… हो, हो, नातीचं तोंड बघितल्याशिवाय घास उतरायचा नाही, कळलं. पण तुझ्या सुनीलने अमेरिकेहून तिचा फोटो सकाळीच ईमेलने पाठवलाय. मलाही आलाय…

छे, उघडला नाही. पहिला मान आजीचा.

बरं, लॅपटॉप काय म्हणतोय?… मोडेम सापडत नाही? काल तर इंटरनेट लागलं होतं… मग झाकण मिटलंस. आणि?… मोडेमचं कार्ड, फोनची तार लागते ते, काढून घेतलंस? कशाला?… मंगळसूत्राच्या डबीत ठेवलंस. धन्य आहेस.

अगं ऐक ना. झाकण मिटलं की लॅपटॉप बंद नाही होत, नुसता झोपतो. तू त्याच्या झोपेत कार्ड काढलंस… हो, परत लावलंस, पण तेही तो झोपेत असतानाच ना? त्याला कळणार कसं? काका झोपलेले असताना तू त्यांची कवळी धुवायला नेतेस, तेव्हा उठल्यावर काय गोंधळ घालतात?… तेच. तसंच झालंय हे.

नाही गं, बिघडलं काहीच नाही. लॅपटॉप सुनीलने दिलाय म्हणून तो कशाला रागावेल? रडू नकोस बाई.

आता कार्डाच्या शेजारचं बटण दाब… आलं बाहेर? पुसू नकोस. पदराने तर मुळीच नाही. नाव असलेली बाजू वर ठेवून आत सरकव. जोर लाव जरा… थांब, मला ऐकू आलं. दोनदा पीं वाजलं, एक बारीक, एक जाड? मग नाही ओळखलं त्याने.

असू दे. पूर्ण बंद करून चालू करू… अगं झाकण नाही! झाकणाला हातच लावू नकोस. 'स्टार्ट'वर टिचकी मार… 'शट डाउन'… आता 'रीस्टार्ट'. हां. बस आता दोन मिनिटं.

पेढे आणलेस का?… पाच किलो? अख्ख्या इगतपुरीला वाटतेस की काय?… कोण, विमलाबाई? मुलगी झाली तर बर्फी वाटायची म्हणाल्या? मग तू?… शाब्बास मावशी. त्यांना दोन पेढे जास्त दे.

आला पडदा?… थांब, बोलू नकोस… दोन्ही बारीक. नाशिकपर्यंत ऐकू आलं. ओळखलं गं त्याने!

हो, पुढच्या वेळी आधी त्याला सांगायचं. खाली कोपऱ्यात कार्डाचं चित्र आहे ना, तिथे थांबवायचं, मग काढायचं. नाहीतर काढूच नकोस, डबीत दागिने ठेव.

आता डायल कर… डायल टोन नाही म्हणतो? बरोबर आहे. फोनची लाइन एकच, आणि तिच्यावर आपण दोघी बसलोय. फोन ठेव, की लागेल…

कुणासारखी असेल ते मला काय माहीत?… नाक सुनीलचं असू दे नाहीतर सुनेचं, तुला काय फरक पडतो?… पेढ्यांनी हात चिकट झालेत? मग काकांना म्हणावं माऊस तुम्ही धरा.

हो, मीही खूश आहे. खूप खूश आहे, मावशी… हो, संध्याकाळच्या गाडीने येते… अगं, अजून बोलतेच आहेस? नात दाराशी येऊन थांबलीय तुझी. ठेव फोन, तिला आत येऊ दे.