चोरपान

आदरणीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, छपाई आणि रंग विभागातले माझे सहकारी, आणि ज्यांच्या निवृत्तीच्या निरोपासाठी आपण सारे जमलो त्या आमच्या बाई,

बाईंनी एकतीस वर्षं आपल्या कारखान्यात पडद्यांच्या कापडाची नक्षी काढली. प्रत्येक नक्षीत एक पान त्या मुद्दाम चुकवत. त्याच्या शिरा टोकाऐवजी देठाकडे वळलेल्या. त्याला त्या चोरपान म्हणत. "नक्कल करणारा आपली चूकही उचलतो गं, आणि तिथेच सापडतो." मला हे कधी पटलं नाही. चांगल्या नक्षीला हाताने डाग कशाला लावायचा? बाई म्हणायच्या, "शहाणीच आहेस!" हसू नका छपाईवाल्यांनो, तुम्हालाही म्हणायच्या.

गेल्या वर्षी बाईंच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. त्या घरी होत्या, तेव्हा वेलीची नक्षी मी एकटीने काढली. चोरपान काढलं नाही. नक्षीची रीतसर नोंदणी झाली, आणि चार महिन्यांत तेच कापड दुसऱ्याच्या दुकानात! सुनावणीत समोरचे म्हणाले, "वेल काय, कुणीही काढील." निकाल विरुद्ध गेला असता, तर आपला नक्षी विभाग बंद होणार होता, हे आपण जाणताच.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "तुमची काही खूण?" मी नाही म्हणणारच होते. बाई माझ्या सोबतीला म्हणून आल्या होत्या, डोळ्यांवर काळा चष्मा. त्या मागून म्हणाल्या, "अगं, सातवी ओळ, उजवीकडून तिसरं पान. सांग ना त्यांना."

ती नक्षी बाईंनी तोवर एकदाही पाहिली नव्हती.

भिंग लावलं. पान होतं. आमच्या कागदावर होतं, त्यांच्या कापडावरही होतं. आपण जिंकलो. जिन्यात मी विचारलं, "बाई, ते पान कुणी काढलं?"

"कुणी म्हणजे? कागदापाशी तूच बसली होतीस ना?"

मूळ कागद मी पुन्हा काढून पाहिला. मी डावखुरी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या एका पानाच्या रेघा उजव्या हाताच्या आहेत, बाईंच्या वळणाच्या.

अध्यक्षमहाराज, नोंदणीच्या दाखल्यावर माझं एकटीचं नाव आहे. मला ते वाचवत नाही. तिथे बाईंचंही नाव लागावं, असा अर्ज मी आत्ता आपल्या हाती देते आहे. कृपया नाही म्हणू नका.

बोलू दिलंत, आभारी आहे. अधिकउणं बोलून गेले असेन तर पोटात घाला. आणि बाई, अधूनमधून येत जा. फक्त, दारातून या.