परशूचं ‘शुअर’ आणि भागीकाकीची काळजी

मंडळी, ऐका! एकाच्या डोक्यावरची काळजी उतरली, तर ती जाते कुठे? बोला! हवेत विरते? नाही ठाऊक? अहो, रोज उतरवता की एकमेकांची! कुणी विचारलं, ‘काम होईल ना?’ — की आपलं चटकन उत्तर, ‘शुअर!’

हसताय? बुवांनी कीर्तनात इंग्रजी काढलं म्हणून? काढणारच! तुमच्या तोंडात ‘नक्की’ उरलंय कुठे! पण हा शब्द आला कुठून? इंग्रजांनी घेतला फ्रेंचांकडून, त्यांना मिळाला लॅटिनमधून. आणि तिथे त्याचं मूळ — ‘काळजीवाचून’! म्हणजे आधी होता निश्चिंत, मग झाला निश्चित. टिंब गळलं, मंडळी! एवढंसं टिंब, पण गळलं की काय होतं ते बघा.

खाडीकाठी एक वाडी. दवाखाना पलीकडच्या तीरावर, पूल नाही. वाडीतल्या भागीकाकीच्या सुनेचे, मालनचे, दिवस भरलेले. पहिलटकरीण! नवरा मासेमारीला दूर समुद्रात. काकीचा जीव काही थाऱ्यावर नाही. चुलीपासून अंगणात, अंगणातून धक्क्यावर, धक्क्यावरून परत सुनेपाशी — ‘कळ आली का गं?’ मालन वैतागली, ‘आत्याबाई, मला नाही, तुम्हालाच येतायत कळा!’

वाडीत होडी एकट्या परशूची. हा मुंबईच्या हॉटेलात नोकरी करून आलेला. काकीने विचारलं, ‘परशू, होडी तयार ठेवशील ना रे? कधीही लागेल.’

‘शुअर, काकी!’

‘म्हणजे रे काय?’

‘म्हणजे तुम्ही काळजीच सोडा!’

बघा! पठ्ठ्या नकळत मूळ अर्थच बोलून गेला. आणि काकीने खरंच सोडली. घरी आली, पोटभर जेवली, आडवी झाली ती घोरायलाच लागली!

आणि परशू? तोही निश्चिंत! भरतीच्या पाण्यात होडी पार काठाशी ओढून बांधली आणि गेला नाक्यावर कॅरम खेळायला. आता मला सांगा, ही निश्चिंत, तो निश्चिंत — मग काळजी कुणाकडे? कुणाकडेच नाही! बेवारशी पडली की हो!

भर दुपारी मालनने किंकाळी फोडली. काकी तिला धरून धक्क्यावर आली, बघते तर — ओहोटी! पाणी लांब गेलेलं, होडी चिखलात कलंडलेली. ‘परशूऽऽ!’

परशू धावत आला. होडी बघितली नि तोंडचं पाणी पळालं. ‘काकी, भरती येईपर्यंत...’

‘भरती सांगतोस मला? पोर जाईल रे माझी! तू म्हणालास सोडा, म्हणून मी सोडली. काळजी टाकून नव्हती दिली मी — तुझ्यापाशी ठेवली होती!’

परशू तसाच चिखलात उतरला. मालनला उचलून होडीत निजवलं. मांडीपर्यंत चिखल, तळपायाला कालवांच्या शिंपल्यांच्या कडा कापतायत, आणि हा होडी रेटतोय! काकीही पदर खोचून उतरली. वर मालन कण्हतेय. पाणी काही जवळ येईना!

‘वाचेल ना रे ती?’ काकीने विचारलं.

जिभेवर आलेला शब्द परशूने गिळला. ‘मला माहीत नाही, काकी. पण मी हात काढणार नाही.’

मंडळी, एवढ्या वेळात हे त्याचं पहिलं खरं बोलणं! होडी पाण्याला लागली. पलीकडे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं.’ मुलगी झाली. दोघी वाचल्या. काकीने परशूच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला, आणि मग त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली.

कळलं, काळजी कुठे जाते? ‘शुअर’ म्हणणाऱ्याच्या डोक्यावर! तिथे जागा नसेल, तर शब्द तोंडातून काढू नये.

आता तुम्ही सांगा. निघताना आईने विचारलं असेल, ‘माझ्या गोळ्या आणशील ना?’ तुम्ही ‘शुअर’ म्हणालात आणि इथे येऊन टाळ्या पिटताय! ती निश्चिंत बसलीय तिकडे. तिची काळजी सोबत आणलीत, की उंबऱ्यावरच ठेवून आलात?

अहो, ते निळ्या सदऱ्यातले — उठलात? जा, जा, लाजू नका! विठ्ठल थांबेल, औषधाचं दुकान थांबणार नाही!